निळ्या दिव्याचं काय करायचं?

वाशीम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांतून आलेले विज्ञानशिक्षक, आयटीआयचे निदेशक, रुग्णालयांतले तंत्रज्ञ, वीजकामाचे कारागीर आणि मराठीत विज्ञान लिहिणारे मित्रहो,

या मेळाव्याचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. अध्यक्षाने आपल्या विषयाचा सर्वांगीण आढावा घ्यावा, चार चिंता व्यक्त कराव्यात, शासनाकडे पाच मागण्या कराव्यात आणि जेवणाची वेळ टळायच्या आत खाली बसावं, असा आपल्याकडे रिवाज आहे. यातली शेवटची अट मी पाळीन. आढावा मात्र घेणार नाही. मी आज एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे. ती तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे, या मंडपातल्या प्रत्येक दिव्यात आहे आणि तरी सहसा कोणाच्या नजरेत येत नाही. ती वस्तू म्हणजे निळा एलईडी. तो कसा सापडला, हे मी सांगेनच. पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. सुरुवातीचा, मिणमिणता, महागडा निळा एलईडी हातात आला तेव्हा त्याचं काय करायचं, हे कोणी ठरवलं?

वाशीममध्ये हा विषय काढताना वत्सगुल्माची, म्हणजे जुन्या वाशीमची, आठवण ओघानेच येते. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातल्या याच वत्सगुल्म नगरात लावून दिला. इथल्या वाकाटक शाखेतला हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करत होता आणि त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. त्या काळातल्या अजिंठ्याच्या चित्रांत तांबडा, पिवळा, हिरवा हे रंग बहुतेक आसपासच्या माती-दगडांतून आले, काळा काजळीतून आला. निळा रंग मात्र लाजवर्द या दगडाचा आहे, आणि त्या दगडाची खाण पार बदख्शानात, आजच्या अफगाणिस्तानात. बाकीचे रंग घरचे. निळ्यासाठी मात्र हिंदुकुश ओलांडावा लागला.

दीड हजार वर्षांनी, भिंतीवरच्या रंगाऐवजी उजेडाचा रंग हवा होता, तेव्हा भौतिकशास्त्रज्ञांनाही हाच अनुभव आला.

अर्धवाहक पदार्थातून वीज सोडली की तो उजळतो, हे पहिल्यांदा टिपलं गेलं 1907 मध्ये. मार्कोनी कंपनीत काम करणाऱ्या हेन्री राउंड यांनी सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकाला विजेच्या तारा टेकवल्या आणि त्यातून उजेड आल्याची छोटीशी नोंद छापली. 1920 च्या दशकात रशियात ओलेग लोसेव्ह यांनी त्यावर चिकाटीने काम केलं. 1942 मध्ये वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये ते गेले. दृश्य प्रकाशाचा, कामाचा असा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी 1962 मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत बनवला. एक दिवस हा दिवा बल्बची जागा घेईल, असं त्यांनी पुढच्याच वर्षी सांगितलं होतं. पिवळा आणि हिरवट एलईडी 1970 च्या दशकात बाजारात आले. निळा काही येईना.

कारण मुळातच आहे. एलईडीमध्ये इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खालच्या पातळीवर येतो आणि मधला फरक प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर पडतो. लाल प्रकाशाला हा फरक सुमारे 2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतो, निळ्याला सुमारे 2.6 लागतो. एवढा मोठा फरक असलेले पदार्थ मोजके, आणि त्यांचे चांगले स्फटिक वाढवणं फार कठीण.

तरीही प्रयत्न झाले आणि त्यामागचे हेतू पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने 1968 मध्ये हर्बर्ट मारुस्का या तरुण संशोधकाला गॅलियम नायट्राइडवर बसवलं, ते भिंतीवर टांगता येईल असा सपाट रंगीत दूरदर्शन संच हवा होता म्हणून. लाल आणि हिरवा होता, निळा आला की तिन्ही मूळ रंग पुरे होणार होते. मारुस्का आणि जॅक पँकोव्ह यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला निळे-जांभळे दिवे पेटवून दाखवले, पण त्यांचा उजेड नावापुरता होता. 1974 मध्ये कंपनीने काम बंद केलं.

मग 1989 मध्ये अमेरिकेतल्याच क्री या नव्या कंपनीने सिलिकॉन कार्बाइडचा निळा एलईडी विकायला काढला. पदार्थ तोच, राउंडसाहेबांचा! पण सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकात इलेक्ट्रॉनला प्रकाश देत खाली येणं सोपं जात नाही. दिलेल्या विजेपैकी टक्क्याचा काही शतांश भागच उजेड होऊन बाहेर पडे. उन्हात पेटवला तर पेटलाय की नाही ते हाताने आडोसा करून पाहावं लागेल, असा हा दिवा.

आता त्या वेळी तुमच्यापैकी कोणी हा दिवा हातात घेऊन विचार केला असता, तर काय सुचलं असतं? यंत्राच्या पॅनेलवर लाल-हिरव्याच्या जोडीला निळी खूण. छायाचित्राच्या फिल्मवर रंग उमटवण्यासाठी नेमका निळा प्रकाश. एखाद्या प्रयोगशाळेतल्या उपकरणात छोटा प्रकाशस्रोत. आणि कधीतरी तेजस्वी झाला तर मोठे रंगीत पडदे, रहदारीचे सिग्नल. उपयोगांची यादी साधारण इथे संपत असे. घरात उजेड पाडणारा पांढरा दिवा त्या यादीत असलाच तर अगदी तळाशी.

तेजस्वी निळ्याची गोष्ट जपानमध्ये घडली. नागोया विद्यापीठात इसामू अकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो गॅलियम नायट्राइडला चिकटून बसले होते. हा पदार्थ नीलमणी जातीच्या स्फटिकाच्या चकतीवर वाढवायचा, पण दोघांच्या अणूंच्या मांडणीत सुमारे 16 टक्क्यांची तफावत. वाढलेला थर भेगाळलेला आणि खडबडीत निघे. मध्ये कमी तापमानाला ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर दिला, तर वरचा थर काचेसारखा स्वच्छ वाढतो, हे त्यांनी 1986 मध्ये दाखवलं. तरी अर्धंच काम झालं. एलईडीला एन आणि पी असे दोन प्रकारचे थर लागतात आणि गॅलियम नायट्राइडचा पी थर कोणालाच जमत नव्हता. मॅग्नेशियम मिसळलं तरी ते आपलं काम करत नसे. 1989 मध्ये अकासाकी-अमानोंनी अशा थरावर इलेक्ट्रॉनांचा झोत फिरवला आणि तो पी प्रकारचा झाला.

असं का झालं, हे उलगडलं शुजी नाकामुरा यांनी. थर वाढवताना वापरलेल्या अमोनियातला हायड्रोजन मॅग्नेशियमला बिलगून राहत होता. एसटीच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरलेली असावी, तशी. माणूस बसत नाही आणि दुसऱ्याला बसूही देत नाही. नाकामुरांनी 1992 मध्ये तो थर नायट्रोजनमध्ये नुसता तापवला. हायड्रोजन निघून गेला आणि मॅग्नेशियम कामाला लागलं. इलेक्ट्रॉनांच्या झोतापेक्षा हे कितीतरी स्वस्त आणि कारखान्यात जमणारं.

हे नाकामुरा कोण? शिकोकू बेटावरच्या आनान या लहान गावातल्या निचिया नावाच्या कंपनीचे नोकर. त्या वेळी पीएच.डी. नव्हती. तोकुशिमा विद्यापीठातून एम.ई. आणि एक वर्ष अमेरिकेत फ्लोरिडाला जाऊन यंत्र चालवायला शिकलेले. जगातले बहुतेक संशोधक तेव्हा झिंक सेलेनाइड या दुसऱ्या पदार्थामागे होते, कारण त्याचे स्फटिक जास्त निर्दोष वाढत. नाकामुरांनी नोबेल व्याख्यानात सांगितलं आहे की 1992 च्या एका जपानी परिषदेत झिंक सेलेनाइडच्या सत्राला सुमारे 500 श्रोते होते आणि गॅलियम नायट्राइडच्या सत्राला दहासुद्धा नव्हते. समोरच्या खुर्च्या रिकाम्या आहेत म्हणून विषय हलका ठरत नाही, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही. आज तुम्ही एवढे जण आला आहात, त्यामुळे मला जरा काळजीच वाटते आहे.

नोव्हेंबर 1993 मध्ये निचियाने एक कँडेला तेजाचा निळा एलईडी जाहीर केला. सिलिकॉन कार्बाइडच्या दिव्यापेक्षा जवळजवळ शंभर पट तेज. 2014 मध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता मी माझ्या मुद्द्याकडे येतो. निळ्यापासून पांढरा उजेड कसा झाला? लाल-हिरवा-निळा मिसळून करता येतो, पण ते खर्चिक आणि रंग स्थिर राहत नाहीत. निचिया मुळात काय बनवत होती? ट्यूबलाइट आणि टीव्हीच्या पडद्याला आतून लावायची पावडर, म्हणजे फॉस्फर. ज्यांच्या घरात फॉस्फरचीच पोती, त्यांना निळा दिवा मिळाल्यावर त्यावर पिवळा फॉस्फर लावून पाहण्याची बुद्धी झाली. थोडा निळा तसाच बाहेर येतो, उरलेला फॉस्फर गिळतो आणि पिवळा करून देतो. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. 1996 मध्ये हा पांढरा एलईडी विक्रीला आला. सपाट टीव्ही हवा असणाऱ्यांनी निळा शोधायला सुरुवात केली होती. त्यातून दिवा निघाला तो फॉस्फरवाल्यांच्या हातून.

पुढे हेच पुन्हा पुन्हा घडत गेलेलं दिसतं. दाताच्या पोकळीत भरायचं सिमेंट कडक करण्यासाठी दंतवैद्य निळा उजेड वापरतात, कारण त्या सिमेंटमधलं कॅम्फरक्विनोन 468 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं. पूर्वी त्यासाठी पंख्याने थंड करावा लागणारा हॅलोजन दिवा असे. तेजस्वी निळा एलईडी येऊन दोन वर्षं होतात न होतात तोच, 1995 मध्ये ब्रिस्टलच्या आर. डब्ल्यू. मिल्स यांनी दंतवैद्यकाच्या पत्रिकेत सुचवलं की हे काम निळ्या एलईडीने करता येईल. अर्धवाहकांच्या परिषदेत कोणाला हे सुचलं नसतं. तिथे दात कोण भरतो?

नवजात बाळाच्या काविळीचंही तसंच. 1956 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयातल्या एका परिचारिकेच्या लक्षात आलं की उन्हात नेलेल्या बाळांचा पिवळेपणा उघड्या अंगावर कमी होतो आणि झाकलेल्या भागावर तसाच राहतो. तिच्या त्या निरीक्षणावरून डॉ. रिचर्ड क्रीमर आणि सहकाऱ्यांनी 1958 मध्ये प्रकाशोपचार मांडला. बाळाच्या रक्तातलं बिलिरुबिन 460 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं आणि त्याचा रेणू असा वळतो की यकृताने प्रक्रिया केल्याशिवायही ते शरीराबाहेर पडू शकतं. चाळीस वर्षं यासाठी निळ्या ट्यूब वापरल्या गेल्या. 1998 मध्ये स्टॅनफर्डच्या हेंड्रिक व्रेमन आणि सहकाऱ्यांनी निळे एलईडी यासाठी तपासून पाहिले. उष्णता कमी, म्हणून दिवा बाळाच्या जवळ आणता येतो. नेमका हवा तो रंग, म्हणून वीज वाया जात नाही. ट्यूबचं तेज हजार-दोन हजार तासांत उतरू लागतं, एलईडी हजारो तास टिकतो. पुढे चेन्नईच्या फिनिक्स मेडिकल सिस्टिम्सने डी-रेव्ह या अमेरिकी संस्थेबरोबर ‘ब्रिलियन्स’ नावाचं परवडणारं यंत्र याच तत्त्वावर बनवलं.

क्षयरोगाचं निदान पाहा. ऑरामिन रंग दिलेले क्षयाचे जंतू निळ्या प्रकाशात पिवळसर हिरवे चमकतात. ही पद्धत जुनीच. पण तिला लागणारा पाऱ्याच्या वाफेचा दिवा महाग, दोनशे-तीनशे तासांत संपणारा आणि अंधारी खोली मागणारा; त्यामुळे ती मोठ्या प्रयोगशाळांतच राहिली. निळा एलईडी आल्यावर साध्या सूक्ष्मदर्शकाला तो जोडून, वेळ पडल्यास बॅटरीवरही, हे काम तालुक्याच्या ठिकाणी होऊ लागलं. कमी वर्धनावर काच तपासता येते, त्यामुळे वेळ वाचतो, आणि जुन्या पद्धतीपेक्षा साधारण दहा टक्के जास्त रुग्ण हाती लागतात. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत वापरण्याची शिफारस केली आणि आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमानेही ती स्वीकारली.

आणि दिवा? कॅनडातले प्राध्यापक डेव्ह अर्विन-हॅलिडे 1997 मध्ये नेपाळच्या डोंगरांत फिरत होते. अंधाऱ्या शाळा पाहून त्यांनी पांढऱ्या एलईडीचे प्रयोग सुरू केले. अगदी थोड्या विजेवर, एवढ्याशा एलईडीखाली मूल वाचू शकतं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि 2000 मध्ये नेपाळमधली गावं त्या दिव्यांनी उजळली. आपल्याकडे आयआयटी मुंबईने 2014 मध्ये प्रा. चेतनसिंग सोळंकी यांच्या पुढाकाराने ग्रामीण मुलांसाठी दहा लाख सौर अभ्यासदिव्यांचा उपक्रम हाती घेतला. महाराष्ट्रही त्यात होता. दिवे जोडणं, विकणं आणि दुरुस्त करणं हे काम गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकडे सोपवलं, ही त्यातली मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

मित्रहो, या सगळ्यातून मला एक गोष्ट दिसते. वस्तू शोधणं हे संशोधन आहे, तसं तिचा उपयोग शोधणं हेही संशोधनच आहे. आणि हे दुसरं संशोधन बहुधा जिथे गरज असते तिथे होतं. ते करणारा माणूस दंतवैद्य असतो, परिचारिका असते, फॉस्फरच्या कारखान्यातला नोकर असतो. त्याला आपली अडचण नेमकी माहीत असते आणि तो मोजून पाहतो. या दोन अटी पूर्ण झाल्या की जागेचं नाव नागोया असो की आपलं मानोरा, फरक पडत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. 2018 मध्ये केंद्राने विकासात मागे राहिलेल्या, म्हणजे ‘आकांक्षित’ जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद यांच्याबरोबर वाशीमचं नाव होतं. ही यादी ऐकून वाईट वाटून घेण्यापेक्षा मी ती गरजांची यादी म्हणून वाचतो. गरज जिथे दाट, तिथे उपयोगाचं संशोधन सुपीक.

पहिली जागा रुग्णालयातली. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळांपैकी सुमारे साठ टक्क्यांना आणि अपुऱ्या दिवसांच्या सुमारे ऐंशी टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. बहुतेकांची आपोआप उतरते, काहींना उपचार लागतात, आणि वेळ गेली तर मेंदूला इजा होऊ शकते. प्रकाशोपचाराचं निळं यंत्र चालू दिसलं म्हणजे उपचार चालू आहे, असा आपला समज होतो. पण बाळाच्या अंगावर त्या निळ्या पट्ट्यात किती प्रकाश पडतो, हे फ्लक्स मीटरने मोजावं लागतं. तीव्र उपचारासाठी चौरस सेंटीमीटरला, नॅनोमीटरमागे किमान 30 मायक्रोवॉट, असा दंडक आहे. डोळ्याला झगझगीत दिसणारा दिवाही त्यात नापास होऊ शकतो. इथे बसलेल्या तंत्रज्ञांना माझी विनंती आहे की यंत्राशेजारी एक वही टांगा आणि ठरावीक दिवसांनी मोजमाप लिहा. आणि लेखकांना विनंती: सजावटीचा निळा बल्ब बाळाच्या पाळण्यावर लावणं, काविळीला कोवळं ऊन पुरेल म्हणून दवाखाना टाळणं, हे किती धोक्याचं आहे, ते इथल्या बोलीत लिहा. ज्या आजीला नातवाला उन्हात धरायचं आहे, तिला हिणवू नका. रॉचफर्डच्या परिचारिकेचं निरीक्षण आणि आजीचा अनुभव यांचं मूळ एकच आहे. फक्त किती प्रकाश, कोणत्या रंगाचा आणि कोणाच्या देखरेखीखाली, एवढं तिला समजावून सांगा.

दुसरी जागा शेत. आपला जिल्हा सोयाबीनचा. सोयाबीन हे आखूड दिवसाचं पीक. रात्र पुरेशी लांब झाली की ते फुलावर येतं. रात्रभर उजेड पडत राहिला तर रोपाला रात्र झालीच नाही असं वाटतं. फूल उशिरा येतं आणि बाकी शेत वाळून काढणीला आलं तरी दिव्याखालचा पट्टा हिरवाच राहतो. परदेशात रस्त्याच्या दिव्यांखाली हे नोंदलं गेलं आहे. रात्र मोजण्याचं काम रोप प्रामुख्याने लाल प्रकाश टिपणाऱ्या रंगद्रव्याने करतं आणि पांढऱ्या एलईडीत फॉस्फरमुळे तो लाल भागही असतो. आता आपल्याकडे गावागावांत हायमास्ट दिवे उभे राहिले आहेत आणि कारंजा, शेलुबाजार, मालेगाव या पट्ट्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. शाळांनी एक प्रयोग करावा. दिव्याच्या खांबापासून पाच-पाच मीटरवर रोपं निवडा, पहिलं फूल कधी आलं, शेंगा किती धरल्या, पानं कधी पिवळी पडली, ते लिहा. जेएस 335 आणि फुले संगम अशा वेगवेगळ्या वाणांवर ते करून पाहा. खर्च शून्य. एका हंगामात इतकी माहिती जमेल की रिसोड तालुक्यातल्या करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ती घेऊन जाता येईल. दिव्याला उजेड खालीच ठेवणारी टोपी बसवा, अशी मागणी ग्रामपंचायतीकडे करायची, तर हातात आकडे असलेले बरे.

शेतातलीच दुसरी गोष्ट प्रकाश सापळ्याची. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे दिव्यावर येतात. पुढे पानं खाणाऱ्या आणि घाटे पोखरणाऱ्या अळ्यांचे पतंगही येतात. अनेक पतंगांना निळ्या आणि त्याहून आखूड लांबीच्या अतिनील प्रकाशाची ओढ जास्त असते. बाजारात आता सौर सापळे मिळतात आणि विकणारा सांगतो की सगळी कीड मरेल. हे खरं नाही. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळाच जास्त भरवशाचा. आणि सापळा रात्रभर पेटता ठेवला तर मित्रकीटकही त्यात जातात. मग कोणत्या रंगाचा दिवा, कोणत्या वेळी, कोणत्या किडीसाठी? निळा, पांढरा आणि पिवळा असे तीन सापळे एकाच बांधावर ठरावीक अंतराने लावून सकाळी मोजायचं, एवढंच काम आहे. नववीच्या मुलांना ते जमतं.

तिसरी जागा घर आणि बाजार. 5 जानेवारी 2015 ला उजाला योजना सुरू झाली आणि देशात 36 कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. सरकारी खरेदीत बल्बची किंमत 310 रुपयांवरून 38 रुपयांपर्यंत उतरली. ज्यांनी लोडशेडिंगच्या काळात बारा-बारा तास लाईन नसलेली पाहिली आहे, रात्रपाळीच्या थ्री-फेजसाठी हातात बॅटरी घेऊन ओलिताला जाताना पायाखाली साप पाहिला आहे, त्यांना कमी विजेवर चालणाऱ्या उजेडाची किंमत सांगायला नको. पण स्वस्त बल्ब लवकर जातात. का जातात? बहुतेक वेळा एलईडी शाबूत असतो. आतल्या सर्किटमधला कपॅसिटर उष्णतेने मरतो, किंवा एका माळेत जोडलेल्यांपैकी एक चिप जळते आणि बाकी सगळ्या चांगल्या असूनही बल्ब अंधारतो. दहा रुपयांत जी दुरुस्ती होते तिच्याऐवजी आपण उकिरड्यावर बल्ब फेकतो. आयटीआयच्या निदेशकांनी प्रत्येक तालुक्यात बल्ब दुरुस्तीचं दोन दिवसांचं शिबिर घेतलं आणि बचत गटांतल्या महिलांना त्यात प्रवेश दिला, तर घराघरांतले पैसे वाचतील आणि कचराही कमी होईल.

चौथी जागा आपला वर्ग. निळा एलईडी येण्यापूर्वी शाळेत लाल, पिवळा, हिरवा एवढेच एलईडी होते. प्रत्येक रंगाचा एलईडी किती व्होल्टला पेटू लागतो, ते मोजून प्लँकचा स्थिरांक काढण्याचा प्रयोग त्यामुळे आखडलेला राही. आता निळा 470 नॅनोमीटरचा, सुमारे 2.6 व्होल्टला पेटणारा, आलेखाला चांगला लांब पल्ला देतो. लाल 630 नॅनोमीटरचा, पेटतो दोन व्होल्टच्या जरा खालीच. व्होल्टेज उभ्या अक्षावर, तरंगलांबीचा व्यस्त आडव्या अक्षावर, आणि रेषेच्या चढावरून स्थिरांक. काही टक्के चूक येईल. ती का आली, हे विचारणं हाच पाठ. दुसरा प्रयोग याहून सोपा. पांढऱ्या एलईडीचा उजेड जुन्या सीडीवर पाडून पाहा. निळ्याची ठसठशीत पट्टी दिसते, मध्ये जरा अंधुक जागा, मग हिरवा-पिवळा-लालाचा रुंद पट्टा. पांढरा दिवा म्हणजे निळा दिवा आणि पिवळी पावडर, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. फॉस्फरचं चित्र फळ्यावर काढायची गरज उरत नाही.

याच निळ्याची एक बाजू घरी पालकांनाही सांगा. 1998 ते 2002 या काळात डोळ्यात एक वेगळं रंगद्रव्य आणि त्याच्या पेशी सापडल्या. त्या 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि शरीराला दिवस-रात्र कळवतात. रात्री अकराला मोबाइलचा पडदा तोंडासमोर धरला की झोपेचा संदेश देणारं मेलाटोनिन लांबणीवर पडतं. सोयाबीनला जी अडचण, ती वेगळ्या वाटेने आपल्यालाही.

लेखकमित्रांसाठी दोन शब्द. मराठी विज्ञान परिषदेने 1966 पासून मराठीत विज्ञानाचं मोठं दालन उभं केलं आहे. डॉ. जयंत नारळीकरांच्या रूपाने एक शास्त्रज्ञ नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. परंतु आपल्या विज्ञानलेखनात नोबेल विजेत्यांची चरित्रं फार आणि आपल्या गावातली मोजमापं फार थोडी. नाकामुरांवर लिहा, जरूर लिहा. पण त्याच लेखात आपल्या तालुक्याच्या रुग्णालयातल्या दिव्याचं तेज किती, आपल्या बांधावरच्या सापळ्यात पतंग किती पडले, हेही येऊ द्या. आकडा चुकला तर दुसरा कोणी दुरुस्त करील, आणि मराठीत विज्ञानाचा वाद सुरू होईल. तो फारसा होत नाही, हे आपलं खरं दैन्य आहे.

म्हणून मी शासनाकडे मागण्या करण्याऐवजी या मेळाव्यापुढे तीन ठराव ठेवतो. पहिला, पुढच्या खरिपात सहाही तालुक्यांतल्या निदान एकेका शाळेने हायमास्टखालच्या सोयाबीनची नोंद ठेवावी. दुसरा, जिल्ह्यातल्या प्रकाशोपचाराच्या प्रत्येक यंत्राचं तेज मोजून नोंदवण्यासाठी रुग्णालयांचे तंत्रज्ञ आणि महाविद्यालयांचे भौतिकशास्त्र विभाग यांनी एकत्र यावं. तिसरा, या दोन्ही कामांचे निष्कर्ष, ते अनुकूल असोत की प्रतिकूल, मराठीत लिहून पुढच्या वर्षी इथेच वाचले जावेत. पुढचा अध्यक्ष कोणीही असो, त्याने त्याचं भाषण या नोंदींवरच करावं, माझ्यासारखं जपानवर नको.

या तीन ठरावांना ज्यांची संमती आहे, त्यांनी टाळ्या वाजवण्याऐवजी जाण्यापूर्वी दाराशी ठेवलेल्या यादीत आपलं नाव, शाळा आणि गाव लिहावं, एवढी विनंती करून मी थांबतो.